कोणता शेअर हे नंतर, किती घ्यायचा हे आधी

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवण्याचा छोटा कारखाना चालवणारे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. दहा-बारा मशीन, तितकेच कारागीर, आणि दिवसभर कापडाच्या ढिगाऱ्यात उभे राहून चाललेला धंदा. गेल्या काही वर्षांत त्यांनी तीन लाख रुपये बाजूला टाकले आहेत. त्यांतले एक लाख मुलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षांनी लागणार आहेत. उरलेले दोन लाख एकाच कंपनीच्या शेअर्समध्ये घालावेत असे त्यांच्या मनाने घेतले, आणि कंपनी चांगली आहे की नाही एवढेच विचारायला ते आमच्याकडे आले.

"भाईजान, तुम्ही फक्त नाव पक्के करा. किती घ्यायचे ते माझे मी बघतो," ते म्हणाले.

आम्ही त्यांना उलट प्रश्न केला, "चाचा, एका व्यापाऱ्याला तुम्ही जास्तीत जास्त किती रुपयांचा माल उधार देता?"

"चाळीस हजारांच्या वर नाही. मग तो सख्खा भाऊ का असेना."

"भावावरही विश्वास नाही?"

"विश्वास आहे हो. पण उद्या त्याचाच धंदा बसला तर माझ्या कारागिरांचा पगार थांबता कामा नये."

या एका उत्तरात शेअरबाजारातील अर्धे शहाणपण आले आहे. उधारीची मर्यादा त्यांनी गिऱ्हाइकाच्या प्रामाणिकपणावरून ठरवली नव्हती, स्वतःच्या सोसण्याच्या ताकदीवरून ठरवली होती. तेच गृहस्थ शेअर घेताना मात्र कंपनी किती चांगली आहे एवढेच विचारत होते. ती वाईट निघाली तर आपण किती सोसू शकतो, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आम्हांला भेटणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचे असेच होते. म्हणून आजचा लेख कोणत्या शेअरबद्दल नाही, एका शेअरमध्ये किती, याबद्दल आहे.

सत्यमचा धडा

चांगली कंपनी ओळखता आली म्हणजे धोका टळला, असे ज्यांना वाटते त्यांनी सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण आठवावे. हैदराबादची ही कंपनी देशातील आघाडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एक होती. तिचा शेअर सेन्सेक्समध्ये होता. सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराबद्दल तिला गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की कंपनीच्या हिशेबात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोख रक्कम मुळात अस्तित्वातच नाही. आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपये असलेला शेअर त्या दिवशी ४० रुपयांच्या खाली बंद झाला. एका दिवसात ७८ टक्के रक्कम गेली.

ताळेबंद वाचणारे, परदेशी फंडांचे अधिकारी, कोणालाच हे आधी कळले नाही. मग आपल्यासारख्यांना कळले असते असे समजणे हा भ्रम आहे. परंतु त्या दिवशी सगळ्यांचे सारखे नुकसान झाले नाही. पुढचा हिशेब पाहा.

तीन माणसांकडे प्रत्येकी एक लाखाची गुंतवणूक आहे असे धरू. पहिल्याने अर्धी रक्कम, म्हणजे ५० हजार, सत्यममध्ये ठेवले होते. त्याचे ३९ हजार गेले आणि ६१ हजार उरले. हे ६१ हजार पुन्हा एक लाख व्हायला ६४ टक्के वाढ लागते. दुसऱ्याचे १० हजार होते. त्याचे ७,८०० गेले, आणि साडेआठ टक्के वाढीत तो पूर्वपदावर येतो. तिसऱ्याचे ५ हजार होते. त्याचे ३,९०० गेले, आणि त्याला चार टक्के वाढ पुरते. तिघांची कंपनी तीच, तारीख तीच, अज्ञानही तेच. फरक फक्त हिश्शाचा.

इथे गणितातली एक गोम लक्षात ठेवावी. दहा टक्के पडलेली रक्कम भरून यायला अकरा टक्के वाढ लागते. पन्नास टक्के पडलेली भरायला शंभर टक्के, आणि ऐंशी टक्के पडलेली भरायला चारशे टक्के. खड्डा जितका खोल, तितकी वर येण्याची शिडी त्याहून किती तरी पटींनी लांब. म्हणून मोठा खड्डा पडू न देणे हे मोठा नफा शोधण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

मोठ्यांचे नियम

हा विचार आमचा नवा नाही. हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध करून दाखवले की शेअरचा धोका सुटा मोजायचा नसतो. आपल्याजवळच्या इतर शेअर्सबरोबर तो एकाच वेळी पडतो की वेगळ्या वेळी, हे पाहायचे असते. १९९० मध्ये त्यांना याच कामासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपल्या देशात सेबीने म्युच्युअल फंडांसाठी १९९६ मध्ये नियमावली केली. तिच्यात अशी मर्यादा घातली की फंडाच्या सर्वसाधारण योजनेने आपल्या एकूण मालमत्तेच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम एका कंपनीच्या शेअर्समध्ये ठेवू नये. ज्यांच्याकडे अभ्यास करायला पगारी माणसे आहेत, कंपनीच्या संचालकांना भेटण्याची सोय आहे, त्यांनाही कायद्याने दहा टक्क्यांवर थांबवले आहे. मग मशीनवर बसून उरलेल्या वेळात वर्तमानपत्र वाचणाऱ्याने पन्नास-साठ टक्के एका नावावर लावावेत, हे कोणत्या हिशेबात बसते?

काही हुशार मंडळी 'केली'चे सूत्र पुढे करतात. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमधील जॉन केली यांनी १९५६ मध्ये ते मांडले. जिंकण्याची शक्यता आणि जिंकल्यावर मिळणारी रक्कम माहीत असेल तर किती पैसे लावावेत, हे ते सांगते. सूत्र खरे आहे, पण त्याला शक्यतेचा नेमका आकडा लागतो. पैजेत तो आकडा काही प्रमाणात मांडता येतो. धंद्यात तो मांडता येत नाही, आणि माणूस स्वतःच्या खात्रीलाच शक्यता समजून बसतो. जिथे पाया अंदाजाचा आहे तिथे इमारत बुटकीच बांधावी.

पगार आणि शेअर एकाच फाटकातून

आता आपल्या पट्ट्यापुरती एक वेगळी गोष्ट. इथल्या माणसाला शेअर घ्यायचा झाला की ओळखीच्या भोंग्याची आठवण होते. आपण जिथे कामाला जातो, ज्यांना माल पुरवतो, ज्यांची चिमणी लोकलच्या खिडकीतून दिसते, ती कंपनी आपली वाटते. ही आपुलकी समजण्यासारखी आहे, पण हिश्शाचा हिशेब तिथेच बिघडतो.

अंबरनाथची विम्को आठवा. स्वीडिश कंपनीने १९२० च्या दशकात उभारलेला हा आगपेट्यांचा कारखाना कित्येक पिढ्यांच्या रोजीरोटीचा आधार होता. तो कारखाना बंद झाला. पुढे विम्को कंपनी आयटीसीच्या हाती गेली आणि २०१४ मध्ये तिच्यात विलीनही झाली. ज्याचा पगार, राहण्याची खोली आणि शिल्लक या तिन्ही गोष्टी एकाच फाटकातून येतात, त्याच्यावर फाटक बंद झाले की तिन्ही बाजूंनी एकदमच वेळ येते.

अमेरिकेत एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांचे नेमके हेच झाले. महाराष्ट्राला हे नाव दाभोळमुळे चांगले ठाऊक आहे. २००० साल संपताना या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतील सुमारे ६२ टक्के रक्कम एन्रॉनच्याच शेअर्समध्ये होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ९० डॉलरपर्यंत गेलेला शेअर नोव्हेंबर २००१ च्या अखेरीस एका डॉलरच्या खाली आला आणि डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो लोकांची नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी एकाच वेळी गेली.

शिवाय ओळखीची चिमणी आणि शेअरवरचे नाव या दोन गोष्टी दर वेळी एक नसतात. शहाडची सेंच्युरी रेयॉन सगळ्यांना माहीत आहे. ती सेंच्युरी टेक्स्टाइल्स या कंपनीचा एक विभाग होती. २०१८ मध्ये हा धागा बनवण्याचा धंदा चालवण्याचे हक्क ग्रासिमकडे गेले, आणि सेंच्युरी टेक्स्टाइल्सचे नावच २०२४ मध्ये बदलून आदित्य बिर्ला रिअल इस्टेट झाले. यात गैर काहीच नाही, कंपन्या असे निर्णय घेतच असतात. पण चिमणीकडे पाहून शेअर धरून बसलेल्या माणसाच्या हातात आता बांधकाम धंद्याचा शेअर आहे, हे त्याला माहीत असले पाहिजे.

म्हणून वाचकबंधूंना आमचे सांगणे असे की हिस्सा मोजताना केवळ डीमॅट खाते पाहू नका. ज्याचा धंदा जीन्सचा आहे त्याची मशीन, माल आणि उधारी आधीच कापडाच्या धंद्यात गुंतली आहे. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणावरून जीन्स धुलाईचे कारखाने बंद केले गेले तेव्हा शिलाईवाले, धागेवाले, टेम्पोवाले सगळेच अडचणीत आले होते. अशा माणसाने कापड कंपनीचा शेअर घेतला तर संकट आल्यावर दुकान आणि शेअर दोन्ही एकदम रडतील. त्याने आपल्या धंद्याचा शेअर एक तर घेऊ नये, किंवा नेहमीच्या निम्माच घ्यावा. रसायनाच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या अंबरनाथ-बदलापूरच्या बांधवांना हाच नियम रसायन कंपन्यांबाबत लागू आहे.

हलाल चाळणी आणि एकाच रांगेतले शेअर

आपल्या वाचकांपुढे आणखी एक अडचण आहे. व्याजावर चालणाऱ्या बँका व वित्तकंपन्या, विमा, दारू, तंबाखू, जुगार हे आपण आधीच वगळतो. निफ्टीत बँका आणि वित्तसंस्थांचाच वाटा साधारण एक तृतीयांश असतो, तो तिथेच गळतो. पुढे कर्जाची चाळणी लागते. कोणी एक चतुर्थांश, तर कोणी एक तृतीयांश कर्जाची मर्यादा धरतो, आणि व्याजापासूनचे उत्पन्न तीन ते पाच टक्क्यांच्या आत असावे असे म्हणतो. ही कर्जाची चाळणी धर्माबरोबर व्यवहाराच्याही उपयोगाची आहे. पुण्याच्या सुझलॉनने परदेशी कंपनी विकत घेण्यासाठी मोठे कर्ज काढले. जानेवारी २००८ मध्ये तिचा शेअर चारशे रुपयांच्या वर होता आणि पुढे काही वर्षांत तो दहा रुपयांच्या खाली गेला.

परंतु चाळणीतून जे उरते त्यात सॉफ्टवेअर, औषधे, मोटारी, घरगुती वापराच्या वस्तू यांचीच गर्दी होते. सॉफ्टवेअर कंपन्यांवर कर्ज नसते, म्हणून आपल्याकडचे सुशिक्षित तरुण त्यांचेच शेअर घेतात. दहा नावे घेतली, आता धोका वाटला गेला, असे त्यांना वाटते. त्यांतली सहा नावे सॉफ्टवेअरची असतील तर ती दहा नावे नव्हेत. २००० साली अमेरिकेत संगणक कंपन्यांचा फुगा फुटला तेव्हा आपल्याकडचे या क्षेत्रातले लहानमोठे शेअर एकाच रांगेत खाली आले. विप्रोचा भाव त्या वर्षी फेब्रुवारीत दहा हजारांच्या घरात होता, आणि तिथून तो कोसळला. कंपनी बुडाली नाही, आजही चालू आहे. पण ज्याला मधल्या काळात मुलीचे लग्न करायचे होते किंवा हजला जायचे होते, त्याला याचा काय उपयोग?

हिशेब कसा मांडावा

आता त्या जीन्सवाल्या चाचांचाच हिशेब मांडू. प्रत्येकाने आपापले आकडे घालून पाहावे.

पहिली गोष्ट, तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरबाजारात घालूच नये. फीचे एक लाख बाजूला. राहिले दोन लाख.

दुसरी गोष्ट, एका कंपनीत घातलेले सगळे पैसे बुडाले असे समजावे, आणि ते किती महिन्यांच्या बचतीतून भरून निघतील ते पाहावे. आम्ही सहा महिने ही मर्यादा धरतो. चाचांची महिन्याची बचत चार हजार आहे, म्हणजे मर्यादा २४ हजार.

तिसरी गोष्ट, एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांची मर्यादा. दोन लाखांचे दहा टक्के २० हजार.

या दोन आकड्यांपैकी जो लहान तो घ्यायचा. म्हणजे चाचांनी एका कंपनीत २० हजारांपेक्षा जास्त घालू नयेत. याचाच अर्थ असा की त्यांना किमान दहा कंपन्या लागतील. मनात भरलेल्या त्या एकाच शेअरमध्ये दोन लाख घालण्याचा बेत इथेच संपतो.

चौथी गोष्ट, एका क्षेत्रात एकूण रकमेच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. चाचांच्या बाबतीत सॉफ्टवेअरच्या सगळ्या कंपन्या मिळून ५० हजार.

पाचवी गोष्ट, लहान आणि कमी उलाढालीच्या कंपन्यांत मर्यादा निम्मी, म्हणजे १० हजार. कारण वाईट बातमी आली की अशा शेअरला खालचे सर्किट लागते. विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा कोणीच नसतो. दिवसामागून दिवस भाव पडताना पाहत बसावे लागते. मोबाइलवर फिरणाऱ्या 'खात्रीच्या बातम्या' बहुधा अशाच शेअर्सच्या असतात.

हिस्सा फार लहान करण्यातही अर्थ नाही. दोन लाखांत चाळीस कंपन्या घेतल्या तर प्रत्येकीत पाच हजार येतात. चाळीस ताळेबंद कोण वाचणार? प्रत्येक कंपनीचा शेअर विकताना डीमॅटचा आकार वेगळा पडतो तो निराळाच. किराणा दुकानदारही जो माल त्याला सांभाळता येतो तोच ठेवतो. दहा ते वीस नावे सर्वसाधारण माणसाला पुरेत. ज्याच्याकडे पंचवीस-तीस हजारच आहेत किंवा वाचायला सवड नाही, त्याने सुटे शेअर घेण्याऐवजी शरीअतच्या चाळणीने चालणाऱ्या फंडाचा विचार करावा. टाटा एथिकल फंड, निप्पॉनचा शरीआ बीज असे मोजके पर्याय आपल्याकडे आहेत. ही शिफारस नव्हे. त्यांची कागदपत्रे वाचून आणि जाणत्यांना विचारून मगच निर्णय घ्यावा.

वाढलेला हिस्सा आणि जकातीचा दिवस

एक प्रश्न नेहमी राहतो. वीस हजारांचा शेअर वाढून साठ हजारांचा झाला आणि बाकीचे जागच्या जागी राहिले, तर काय करावे? हा आनंदाचा प्रश्न आहे, पण प्रश्न आहेच. आता एकूण रक्कम दोन लाख चाळीस हजार आणि त्यात एका कंपनीचा हिस्सा पंचवीस टक्के. आपण ठरवून इतका मोठा हिस्सा कधीच घेतला नसता. तो आपोआप झाला म्हणून त्यातला धोका कमी होत नाही.

आमचे मत असे की कंपनी चांगली चालत असेल तर वाढलेल्या शेअरला दहा टक्क्यांवरून पंधरापर्यंत मोकळीक द्यावी. त्यावरचा भाग विकून इतरत्र लावावा. विकताना कराचा विचार करावा. २३ जुलै २०२४ पासून एका वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरवरच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, आणि त्यापुढे साडेबारा टक्के आहे. वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के. लहान गुंतवणूकदाराला सव्वा लाखाची सूट पुष्कळ झाली. त्यामुळे कराच्या भीतीने हात बांधून बसण्याचे कारण नाही.

ही तपासणी केव्हा करावी? रोज भाव पाहून हिस्से बदलणारा माणूस दलालाचेच घर भरतो. आपल्याला एक दिवस आयताच मिळाला आहे. बहुतेक कुटुंबांत रमजानमध्ये किंवा ठरलेल्या तारखेला जकातीचा हिशेब होतो. त्या दिवशी सोने, रोकड, माल, येणे-देणे सगळे कागदावर येते. त्याच कागदावर शेअर्सची यादीही येते. विकण्यासाठी घेतलेल्या शेअर्सची जकात पूर्ण बाजारभावावर, आणि दीर्घकाळ ठेवण्यासाठी घेतलेल्यांची कशी, याबद्दल आपल्या उलेमांना विचारावे. मात्र रक्कम लिहितानाच शेजारी आणखी एक रकाना काढावा: एकूण गुंतवणुकीत या कंपनीचा वाटा किती टक्के. ज्या नावापुढे पंधराच्या वरचा आकडा येईल त्याच्याभोवती लाल खूण करावी.

निरनिराळे दरवाजे

काही बांधव म्हणतात की नशिबात असेल ते मिळणारच, मग एवढा हिशेब कशाला? त्यांना आम्ही पवित्र कुरआनातील हजरत याकूब (अ.) यांच्या प्रसंगाची आठवण देतो. धान्य आणायला मिसरला निघालेल्या आपल्या मुलांना त्यांनी एकाच दरवाजाने आत न जाता वेगवेगळ्या दरवाजांनी जाण्यास सांगितले. त्याच वेळी अल्लाहच्या निर्णयापुढे आपला इलाज नाही, भरवसा त्याच्यावरच, हेही सांगितले. मुफस्सिरांनी या सूचनेची कारणे विस्ताराने दिली आहेत, आणि त्या चर्चेत शिरण्याचा आमचा अधिकार नाही. तदबीर आणि तवक्कुल यांचे भांडण नाही, इतका बोध मात्र कोणालाही घेता येईल.

बदलापूरच्या नदीकाठच्या दुकानदारांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला ते पावसाळा आला की किमती माल पोटमाळ्यावर चढवतात, थोडा दुसरीकडे ठेवतात आणि मग दुआ करतात. पूर कोणत्या वर्षी येईल हे त्यांना माहीत नसते. आपल्याला कोणती कंपनी सत्यम निघेल हे माहीत नसते.

जीन्सवाल्या चाचांनी शेवटी आपल्या आवडीच्या कंपनीचे वीस हजारांचे शेअर घेतले. उरलेल्या नऊ नावांसाठी ते घाई करणार नाहीत, महिन्याला एक याप्रमाणे पाहतील. जाताना ते म्हणाले, "म्हणजे हीसुद्धा उधारीच की, कंपनीला दिलेली."

आम्ही म्हणालो, "होय चाचा, आणि वसुलीला जायला तिचा पत्ताही आपल्या गल्लीतला नाही. म्हणून मर्यादा तुमची तुम्हीच घालायची."